शेजाऱ्याचें ताट

ख्रिस्ती मनुष्यानें आपल्या गांवच्या सणावारांत कोठवर जावें, हा प्रश्न आपल्या मंडळ्यांत नवा नाहीं. परंतु त्याचें उत्तर बहुधा घाईनें देण्यांत येतें. कोणी म्हणतात, बाप्तिस्मा झाला म्हणजे गांवाशीं संबंध तुटला. कोणी म्हणतात, मन शुद्ध असलें म्हणजे सर्व रीति सारख्याच. हीं दोन्ही उत्तरें फार सोपीं आहेत, आणि म्हणूनच त्यांविषयीं संशय यावा. रत्नागिरीसारख्या बंदराच्या लहान शहरांत हा प्रश्न वर्षांतून अनेकदां उंबरठ्यावर येऊन उभा राहतो. त्या शहराच्याच उदाहरणानें आपण तो पाहूं.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांची मासेमारी सरकारी नियमानें १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत बंद असते. तरी दर्यावर्दी कुटुंबांचें वर्ष खरें सुरू होतें तें श्रावणांतील नारळी पौर्णिमेस. होड्या रंगवून व जाळीं सांधून तयार असतात, लोक किनाऱ्यावर जमतात, आणि समुद्रास नारळ अर्पण होतो. घरोघर नारळीभात व करंज्या होतात. मग रुमालानें झांकलेलें एक ताट शेजारच्या ख्रिस्ती घरींहि येतें. तें घ्यावें कीं परत करावें?

प्रेषित पौलापुढें हाच प्रश्न आला होता, आणि तोहि बंदराच्याच शहरांतून. करिंथास पूर्वेस व पश्चिमेस अशीं दोन बंदरें होतीं. नाना देशांचे लोक व नाना देवांचीं मंदिरें तेथें होतीं. करिंथकरांस पहिल्या पत्राचे आठवा व दहावा हे अध्याय उपदेशक बंधूंनीं पुन्हां एकदां सावकाश वाचावे. बाजारांत विकतात तें मांस चौकशी न करितां खावें, असें पौल सांगतो. कोणी अविश्वासी मनुष्यानें जेवावयास बोलाविलें आणि जाण्याची इच्छा असली, तर वाढलेलें खावें. मात्र ‘हा नैवेद्य आहे’ असें कोणी सांगितलें तर खाऊं नये. तेंहि अन्न विटाळलें म्हणून नव्हे, तर सांगणाऱ्याच्या विवेकबुद्धीकरितां. प्रभूच्या मेजाचा व मूर्तीपुढच्या मेजाचा वांटेकरी मनुष्यानें एकाच वेळीं होऊं नये, हेंहि तो तितक्याच स्पष्टपणें सांगतो. म्हणजे पौलाची दृष्टि अन्नाकडे नसून मनुष्याकडे आहे. फराळ म्हणून आलेलें ताट आनंदानें घ्यावें. प्रसाद म्हणून हातावर ठेविलें, तर हात जोडून, गोड शब्दांनीं, आपली अडचण सांगावी. चांगला शेजारी ती समजतो. आपण समजतों त्याहून अधिक समजतो.

येथें एक गोष्ट विसरतां कामा नये. आपल्यापैकीं पुष्कळांच्या आजोबांच्या हातचें पाणी गांवांत कोणी घेत नसे. त्यांचें ताट कोणाच्या उंबरठ्याच्या आंत जात नव्हतें, आणि त्यांना जें मिळे तें वरून टाकलेलें असे. रत्नागिरींत १९३१ सालीं पतितपावन मंदिर उभें राहिलें तें सर्व जातींच्या हिंदूंना एकत्र उभें राहतां यावें म्हणून. त्यासाठीं वेगळें मंदिर बांधावें लागलें, यावरूनच भिंत केवढी जाड होती हें दिसतें. आज त्याच भिंतीच्या पलीकडून ताट येतें, आणि नाताळांत आपल्या घरच्या करंज्या त्याच ताटांतून परत जातात, कारण रिकामें ताट परत करूं नये अशी आपली सर्वांचीच रीत आहे. हें देणें-घेणें आपण धार्मिकपणाच्या नांवाखालीं तोडलें, तर ज्या भिंतीखालीं आपले वाडवडील चिरडले गेले तीच आपल्या हातांनीं पुन्हां बांधल्यासारखें होईल. शुद्धतेची भाषा किती क्रूर असूं शकते हें आपल्याहून अधिक कोणास ठाऊक असावें?

फाल्गुनांत शिमग्याची पालखी निघते. रत्नागिरीचें ग्रामदैवत भैरी. त्याची पालखी नाचवीत लोक उन्हांतून चालतात. ओटी भरणें व नारळ ठेवणें ही पूजा आहे. ती आपण करूं नये. पण घामानें भिजलेल्या भोयांस पाणी देणें ही पूजा नव्हे. दार लावून आंत बसणाऱ्या कित्येकांस देवाचें भय नसतें, मंडळींतील जिभांचें असतें.

सर्वांत अवघड प्रसंग होडीवरचा. एखाद्या खलाशाचा बाप्तिस्मा नुकताच झाला आहे असें समजा. होडी दहा जणांची, त्याचा तींत एक वांटा. हंगामाच्या पहिल्या दिवशीं तांडेल नाळीवर नारळ फोडतो. यानें उतरून जावें काय? उतरला तर घरांत चूल पेटत नाहीं, आणि वर काहीं अपघात झाला तर खापर त्याच्यावर फुटतें. अरामी सेनापति नामान यानें अलीशापुढें हीच अडचण मांडली होती: धनी रिम्मोनाच्या मंदिरांत माझ्या हातावर टेकून वांकतो, तेव्हां मलाहि वांकावें लागतें. संदेष्ट्यानें त्याला झिडकारलें नाहीं. शांतीनें वाटेस लाविलें. माझें मत असें कीं त्या खलाशानें नारळ स्वतः फोडूं नये, पण होडी सोडूं नये. तांडेलास आदल्या दिवशीं एकांतांत सांगावें, ऐन वेळीं चारचौघांत नव्हे. मग आपल्या जागीं उभें राहून स्वतःची प्रार्थना करावी आणि सर्वांबरोबर दोर ओढावा. ज्या उपदेशकास हें पुरेसें कडक वाटत नसेल, त्यानें त्या घरच्या चुलीचा विचार आधीं करावा.

वर्गणीचें थोडक्यांत. रस्त्यावरील दिवे, पिण्याचें पाणी, आजाऱ्याचा खर्च यांसाठीं मागितली तर इतरांपेक्षां एक रुपया अधिक द्यावा. मूर्तीसाठीं मागितली तर देतां येत नाहीं असें सांगून तेवढीच रक्कम वाडीच्या शाळेस द्यावी. आणि हें सांगावयास वर्गणीची वही दारीं येईपर्यंत थांबूं नये.