आधी ते फोटो काढून टाका

प्रोजेक्टर बंद कर. दिवे लावा. आणि मागे बसून टाळ्या वाजवणाऱ्यांनीही ऐका, कारण हा पैसा तुम्ही दिलेला आहे.

तुम्हा बाराही जणांना मी शब्बाथशाळेत शिकवलं. काहींना शाळेत गणितही शिकवलं. चूक दिसली की वहीवर लाल रेघ मारायची, ती कोणाची वही आहे हे बघायचं नाही, हीच माझी रीत. आजही तेच करणार आहे. कोणाला राग आला तर येऊ दे.

परवा रात्री मला नेपाळमधल्या धादिंगहून फोन आला. तुम्ही ज्यांच्या मंडळीत जाऊन आलात, त्या पाळकांचा. तरुणपणी ते पुण्यात हॉटेलात कामाला होते, म्हणून हिंदी चांगलं बोलतात. दहा मिनिटं तुमचं कौतुकच करत होते. पोरं गुणी आहेत, गातात छान, म्हणाले. मग जरा थांबले आणि हळूच म्हणाले, “दिदी, वो नदीवाला फोटो हट सकता है क्या?”

तोच फोटो तुम्ही आत्ता पडद्यावर दाखवलात. छातीपर्यंत पाण्यात उभी असलेली म्हातारी, तिच्या पाठीशी पाळकांचा हात, चेहरा लख्ख दिसतोय. खाली गावाचं नाव. आणि वर तुम्ही लिहिलंय की आमच्या सेवेमुळे नऊ आत्मे प्रभूकडे आले.

अरे, काय लिहिता आहात ते कळतं का तुम्हाला? नेपाळच्या संविधानाच्या कलम २६ मध्ये दुसऱ्याचं धर्मांतर करायला मनाई आहे. २०१८ च्या ऑगस्टपासून तिथे नवी फौजदारी संहिता लागू झाली. कोणाला धर्म बदलायला लावलं तर पाच वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड. परदेशी माणूस असेल तर शिक्षा भोगून झाल्यावर देशाबाहेर. व्हिसा लागत नाही म्हणून तुम्हाला नेपाळ घरचंच वाटलं असेल, पण तिथे तुम्ही परदेशीच होतात. तुमचा तो फोटो उद्या कोणी पोलीस चौकीत नेऊन ठेवला तर त्यात काय कमी आहे? जागा आहे, चेहरे आहेत, परदेशी माणसं आहेत आणि आम्ही हे घडवून आणलं अशी तुमच्याच शब्दांतली कबुली आहे. तुम्ही इथे चहा पिताय. पाळक त्याच गावात आहेत. ती म्हातारी त्याच नदीवर पाणी भरते.

आणि ती कबुलीसुद्धा खोटी! त्या बाई दोन वर्षं शिकवणीला बसत होत्या. दर आठवड्याला चढ चढून येत होत्या, पाळकांनी घाई केली नाही, मंडळीने त्यांची साक्ष ऐकली आणि मग होकार दिला. पाण्यात उतरायचा दिवस तुमच्या सहलीत पडला, एवढाच तुमचा संबंध. दुसऱ्याने पेरलं, दुसऱ्याने खुरपलं, आणि तुम्ही रास आपल्या खळ्यात ओढलीत. हे वर्गात केलं असतं तर मी कॉपी म्हटलं असतं. इथेही तेच म्हणते.

आता शनिवारच्या उपासनेचं सांगते. नेपाळात सुट्टी शनिवारी असते, म्हणून मंडळ्या शनिवारी भरतात. हे तुम्हाला तिथे गेल्यावर कळलं, म्हणजे जाण्याआधी तुम्ही चार ओळीही वाचल्या नव्हत्या. २५ एप्रिल २०१५ चा भूकंप झाला तो वारही शनिवार होता, वेळ दुपारी बाराला चार मिनिटं कमी. डोंगरातल्या कितीतरी मंडळ्या तेव्हा उपासनेत बसलेल्या होत्या, आणि छपरं त्यांच्या अंगावर आली. नऊ हजारांच्या आसपास माणसं गेली त्या भूकंपात. धादिंग तर गोरखाला लागूनच, तिथे फार मोडतोड झाली. पाळक सांगत होते, त्यांच्या म्हाताऱ्या बायका अजून दाराजवळच बसतात. थंडी असली तरी दार उघडं ठेवायला लावतात. त्या दारात तुम्ही स्पीकर ठेवलात. दोन मोठे स्पीकर आणि कीबोर्डचं खोकं. बायकांना उठवून भिंतीकडे सरकवलंत. त्या काही बोलल्या नाहीत, कारण पाहुण्याला बोलायचं नसतं. अडीच तास त्या दाराकडे बघत बसल्या.

अडीच तास! तुमची गाणी, तुमच्या साक्षी, तुमची हिंदी नाटिका. बसलेल्यांत निम्म्याहून जास्त तामाङ, त्यांतल्या म्हाताऱ्यांना नेपाळीसुद्धा बेताचंच येतं. त्या दिवशी त्यांचं प्रभुभोजन होतं. वेळ उरला नाही म्हणून ते पुढे ढकललं. आपल्या मंडळीत बाहेरच्या कोणी असं केलं असतं तर आपल्या पंचांनी काय केलं असतं, विचारा त्यांना. समोरच बसलेत.

तुम्ही पाहुणे म्हणून गेलात आणि यजमान होऊन बसलात. तेही कोणाकडे, तर बॅप्टिस्ट मंडळीत. आपल्यावर बिशप आहेत, सिनड आहे. त्यांच्यावर कोणी नाही. पाळक कोणाला बोलवायचं, दान कुठे खर्च करायचं, कोणाला सभासद करून घ्यायचं, सगळं ती साठ माणसं चटईवर बसून, हात वर करून ठरवतात. ते त्यांच्या श्रद्धेचं अंग आहे, नुसती सोय नाही. त्यांना न विचारता त्यांचा शनिवार ठरवलात, म्हणजे नेमकं तिथेच पाय दिलात. आणि तुमच्यातला एकजण त्यांना विचारून आला म्हणे, पूर्ण बुडवायलाच हवं का, डोक्यावर पाणी शिंपडून चालत नाही का. बाळा, १९७० साली आपली चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली तेव्हा सहा मंडळ्या एकत्र आल्या, त्यांत बॅप्टिस्टही होते. आपल्याच घरात दोन्ही बाप्तिस्मे मान्य आहेत. स्वतःचं घर माहीत नाही आणि दुसऱ्याच्या घरात वाद घालायला गेलास.

पाळकांनी जानेवारीत पत्र पाठवलं होतं. मी ते वाचलंय, तुम्हीही वाचलंत. त्यात दोनच गोष्टी होत्या. धाऱ्यापासून, म्हणजे गावच्या पाणवठ्यापासून, उपासना मंदिरापर्यंत पाण्याचा पाइप, आणि तरुणांना जमाखर्चाची वही नीट लिहायला शिकवणारं कोणीतरी, कारण हिशेबावरून मंडळीत कुरबुर होतेय. तुमच्यात तीन जण बी.कॉम. आहेत. एक तर ऑडिटच्या ऑफिसात काम करतो. एकाने तरी ती वही उघडली का? पाइपही नेला नाहीत. तुम्ही नेलेत बारा छापील टी-शर्ट, रंगाचे डबे आणि संडासाची भिंत बांधायचा बेत, जो त्यांनी मागितलाच नव्हता.

त्या भिंतीबद्दल बोलायचंच आहे. दगडाची भिंत दोन बाजूंनी रचतात, आणि मधून मधून आरपार जाणारा लांब दगड घालावा लागतो, नाहीतर हादरा बसला की भिंत मधोमध फाटते. हे महाराष्ट्राला १९९३ मध्ये किल्लारीने शिकवलं. दगडमातीच्या जाड भिंतींखाली झोपेत हजारो माणसं गेली, तेव्हा. नेपाळात भूकंपानंतर गावोगावच्या गवंड्यांना हे पुन्हा शिकवलं गेलं, भिंतीत आडवे पट्टे कसे बांधायचे हेही. त्या गावात असे दोन गवंडी आहेत. तुम्ही काम करत होतात तेव्हा ते रिकामे बसून बघत होते. हातावर पोट असलेली माणसं ती, पाच दिवसांची मजुरी बुडाली. तुम्ही परत आलात आणि मग त्यांनी ती भिंत उतरवून पुन्हा बांधली, तीही फुकट, कारण मंडळीकडे पैसे नव्हते. फोटोत मात्र तुमच्या हातात थापी आहे.

एकूण खर्च तीन लाख साठ हजार. नऊ दिवसांतले पाच गावात, बाकीचे विमान, जीप आणि पोखरा. आपल्या मंडळीत ब्लाऊज शिवून घर चालवणारी एक बाई आहे. तिने पाचशेची नोट घडी घालून पाकिटात दिली, ती मी माझ्या हाताने घेतली. ती नोट पोखऱ्याच्या तलावात होडी फिरवायला गेली की पाण्याच्या पाइपाला, हे तिला कोण सांगणार? असा हिशेब आधीही मांडला गेलाय. १९९८ च्या मिच वादळानंतर होंडुरासमध्ये अमेरिकी मंडळ्यांचे जथे घरं बांधायला गेले. तिथेच राहणाऱ्या कर्ट व्हर बीक नावाच्या प्राध्यापकांनी त्याचा अभ्यास करून २००६ मध्ये छापला. विमानभाड्यासकट त्या जथ्यांचं एक घर तीस हजार डॉलरला पडत होतं, स्थानिक ख्रिस्ती संस्था तसंच घर दोन हजारांत उभं करत होती. जाणं आम्हाला बदलून टाकतं असं तुम्ही आत्ता सांगितलंत ना, त्यांनी तेही तपासलं. परत गेलेल्यांच्या दानधर्मात फारसा फरक पडला नव्हता.

एक गोष्ट राहिली, आणि ती सगळ्यात वाईट आहे. तुमच्यातल्या एकीने तिथल्या एका नऊ वर्षांच्या मुलाला जवळ घेतलं आणि त्याच्या आईला सांगितलं की आम्ही याला नगरला नेऊ, वसतिगृहात ठेवू, शिकवू. तू ते भरल्या मनाने बोललीस हे मला माहीत आहे. मी तुला पाचवीपासून ओळखते. पण त्या आईने त्याचे कपडे धुऊन पिशवीत भरून ठेवलेत. तो रोज विचारतो. पाळक काय उत्तर देणार?

असला शब्द कुठवर जातो ते ऐक. २०१० च्या जानेवारीत हैतीत भूकंप झाला. तीन आठवड्यांच्या आत अमेरिकेतल्या बॅप्टिस्ट मंडळ्यांची दहा माणसं तेहतीस मुलं बसमध्ये घालून सरहद्दीवर पकडली गेली. कागदपत्रं नव्हती. अनाथ म्हणून नेत होते, आणि मुलांपैकी बहुतेकांचे आईवडील जिवंत निघाले. त्या गरिबांनी शिक्षणाच्या आशेने आपली लेकरं स्वतःच्या हाताने दिली होती. नेपाळातही दूरच्या डोंगरांतली मुलं शाळेच्या नावाखाली काठमांडूच्या बालगृहांत आणून अनाथ म्हणून ठेवली गेली, परदेशी पाहुण्यांना दाखवायला. तो मुलगा अनाथ नाही. त्याला आई आहे, भाषा आहे, मंडळी आहे. त्याच्या गावात शाळा आहे, तिची फी भरायला जमतं का एवढंच विचारायचं होतं.

जाऊच नये असं मी म्हणत नाही. विल्यम कॅरी चांभारकाम करणारा बॅप्टिस्ट माणूस. १७९३ मध्ये बंगालमध्ये उतरला आणि १८३४ मध्ये सेरामपूरला मेला, मधल्या चाळीस वर्षांत एकदाही मायदेशी गेला नाही. पहिला बाप्तिस्मा व्हायला सात वर्षं लागली. वैजनाथ पंडितांच्या शेजारी बसून मराठी शिकला, १८०५ मध्ये आपल्या भाषेचं व्याकरण छापलं, १८११ मध्ये नवा करार. त्याच सेरामपूरच्या छापखान्यातून १८२१ मध्ये नेपाळी नवा करार निघाला. तुमच्या आणि त्या म्हातारीच्या हातातलं पुस्तक एका छापखान्यातून सुरू झालं. तुम्ही कॅरी व्हा असं मी म्हणत नाही, तुमच्या नोकऱ्या आहेत, घरं आहेत. पण नऊ दिवस जाणाऱ्याने नऊ दिवसांइतकंच बोलावं. चटईवर मागे बसावं. तामाङमध्ये दोन वाक्यं शिकावीत. वही उघडावी.

आता सांगते ते करा. फोटो आत्ता, माझ्यासमोर काढा, सगळ्यांच्या फोनमधून. आणि ज्यांना पाठवलेत त्यांना फोन करून काढायला लावा. गवंड्यांची पाच दिवसांची मजुरी तुम्ही बारा जण आपल्या खिशातून द्याल, मंडळीच्या नाही. पाइपाचा आकार आणि लांबी पाळकांना विचारून घ्या. हिशेबाची वही ऑडिटवाला दर शनिवारी संध्याकाळी व्हिडिओवर शिकवेल, त्यांनी वेळ ठरवायची.

आणि तू, रडू नकोस, डोळे पूस. त्या आईशी तुला स्वतः बोलायचंय. आपल्याकडे साडेसात झालेत, तिथे पावणेआठ वाजले असतील. पाळक लवकर झोपतात. फोन लाव.