आजीला विचारायचं काय?

समजा, तलासरीच्या दवाखान्यात सत्तरी ओलांडलेली एक वारली आजी आली आहे. लुगडं जिथे आवळून बांधतात तिथली कातडी काळी, जाड पडलेली आणि त्यातच बोटभर लांबीचा जुना व्रण. डॉक्टर विचारतात, "आजी, पूर्वी कधी कातडीचा कॅन्सर झाला होता का?" आजी म्हणते, "नाय." केसपेपरवर तसं लिहिलं जातं आणि पुढचा पेशंट आत येतो.

आजी खोटं बोललेली नाही, पण तिच्या उत्तरावर विसंबताही येत नाही. म्हातारी माणसं आजारांचा इतिहास नीट सांगत नाहीत, असं आपण सहज म्हणतो आणि सगळा दोष त्यांच्या स्मरणशक्तीवर ढकलतो. मला हा अन्याय वाटतो. जे कधी सांगितलंच नाही, ते माणूस विसरणार कसं? गाठ कापली, तुकडा तपासायला गेला, रिपोर्ट मुलाच्या हातात पडला. आईने धसका घेऊ नये म्हणून "साधं गळू होतं" एवढंच तो घरी बोलला. डहाणू-तलासरीत त्यात राज्याच्या सीमेची भर. इथली माणसं उपचारासाठी वापी, सिल्वासा गाठतात, नाहीतर थेट मुंबई. कागद तिन्हीकडे विखुरलेले, आणि जे घरी येतात ते कुडाच्या घरात किती पावसाळे टिकणार? उलटंही घडतं. साधी चामखीळ काढलेला माणूस आपण कॅन्सरमधून वाचलो असं जन्मभर सांगत राहतो.

सावळ्या माणसांना कातडीचा कॅन्सर कमी होतो, म्हणून तो कुणाच्या मनातही येत नाही. होतो तेव्हा बहुधा आडजागी होतो: भाजल्याच्या जुन्या व्रणात, कुष्ठरोगाने बधिर झालेल्या पायाच्या न भरणाऱ्या जखमेत, तळपायावर. आणि कंबरेवर. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातले डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९४५ साली धोतराच्या कॅन्सरची नोंद केली. एकाच जागी वर्षानुवर्षं आवळलेलं वस्त्र, घाम, घर्षण. साडी-लुगड्याच्या रेषेवरही असे रुग्ण पुढे आढळले. एकदा झालेला हा कॅन्सर पुन्हा उद्भवू शकतो, म्हणून आजीच्या त्या एका "नाय"ची किंमत मोठी आहे.

तेव्हा बदलायला हवा तो प्रश्न. व्रणावर बोट ठेवून विचारावं: इथे कधी कापलं? टाके घातले होते का? ड्रेसिंगला किती दिवस जात होतात? काढलेला तुकडा बाटलीत घालून दिला होता का, आणि ती बाटली लॅबला घेऊन कोण गेलं होतं? आजाराचं नाव माहीत नसलेल्या बाईलाही पाण्यासारख्या औषधात तरंगणारा स्वतःच्या अंगाचा तुकडा आठवत असतो. साल विचारून उपयोग नाही. भूकंपाच्या आधी की नंतर, असं विचारावं. नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडीच्या आसपास धक्के बसू लागले, माणसं थंडीत घराबाहेर झोपली. ते दिवस या भागात कुणाला आठवत नाहीत?

बाटली नेणाऱ्या मुलालाही मग आत बोलवावं, मात्र आजीचं बोलणं पूर्ण झाल्यावर. आणि यापुढे कुणाचाही तुकडा तपासला, तर जागा, तारीख आणि निदान मराठीत लिहिलेला कागद खुद्द रुग्णाच्या हाती द्यावा, कागदावर काय लिहिलं आहे ते त्याला वाचून दाखवावं. मुलाला सांगितलं म्हणजे आईला सांगितलं, असं धरून चालू नये.