बारी

गेल्या दिवाळीत नातवाला घेऊन सोलापूरला गेलो होतो. जुळे सोलापुरात एका नव्या दुकानापुढं पोरापोरींची ही रांग! कसला तरी चीज घातलेला पदार्थ. पाऊण तास उभं राहिलो, दीडशे रुपये मोजले, खाल्लं. मला त्यात मैद्यापलीकडं काही लागलं नाही. नातवाला विचारलं, "चव कशी हाय रं?" तो म्हणाला, "आबा, चवीचं काय न्हाई ओ. सगळीच येतेत इथं."

मला हसू आलं. पण मंगळवेढ्याच्या एसटीत बसल्यावर ते जिरलं.

1972 च्या दुष्काळात मी बारा वर्षांचा होतो. आई पहाटेच पिशवी देऊन रेशनच्या दुकानापुढं उभं करायची. अमेरिकेतून आलेला तांबडा मिलो मिळायचा. त्याची भाकरी धड थापायची नाही, घशाखाली उतरायची नाही. कुणालाच आवडत नव्हती, तरी रांग मोडत नव्हती. ती रांग पोटानं लावलेली होती.

दुसरी रांग पंढरपूरची. आषाढीला दर्शनाची बारी गोपाळपूरच्या पुढं जाते. कळसाला हात जोडले तरी वारी पोचली असं मानणारे पुष्कळ आहेत. तरीही लोक रात्र रात्र बारीत उभे राहतात. पायाला गोळे येतात, पण शेजारचा अनोळखी माणूस 'माउली' म्हणून पाणी पुढं करतो. विठोबाच्या पायावर डोकं क्षणभरच टेकतं, बाकीची रात्र माणसांची सोबत असते. नातवाच्या रांगेतही थोडी तशीच सोबत असणार. मुंबईत बीकेसीला नव्या आयफोनसाठी रात्रीपासून उभे राहणारेही एकमेकांच्या सोबतीनंच रात्र काढत असतील. यात कुणाला नावं ठेवण्यासारखं काय आहे?

मग माझं हसू का जिरलं? कारण मीही अशा एका रांगेत उभा राहिलो होतो.

2008 सालची गोष्ट. शेजारच्या सांगोल्यात भगव्या डाळिंबानं माळावर बंगले उभे केले होते. रोपवाटिकेपुढं गाड्यांची रांग. मी दोन दिवस तिथं मुक्काम ठोकून रोपं आणली. माझं रान काळं, पाणी धरून ठेवणारं, शाळूचं. डाळिंबाला मुरमाड, निचऱ्याची जमीन लागते, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. सोलापुरात डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र होतं, विचारायला एसटीचं भाडं लागलं असतं तेवढंच. पण एवढी माणसं उभी आहेत, ती काय खुळी आहेत का, असं मनाला सांगितलं. आधी झाडांना मर लागली, मग तेल्या आला. बाग तोडून सरपण केलं. कर्ज मात्र सहा वर्षं फिटलं नाही.

तेव्हापासून एक उमगलंय. रांगेत उभं राहिलं की आपला निर्णय आपल्याला घ्यावा लागत नाही. चुकलो तर सगळ्यांबरोबर चुकू, हसायला मागं कोण राहणार? एकट्यानं बरोबर ठरण्यापेक्षा चारचौघांत चुकणं सोपं जातं. पण हप्ता भरायची वेळ आली की ते चारचौघं आपापल्या घरी असतात.

आणि गंमत बघा. ज्या शाळूला मी रानातून हाकललं, त्या मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. 2023 हे वर्ष जगानं भरडधान्याचं म्हणून पाळलं. आता शहरातली माणसं पैसे मोजून हुरडा खायला येतात. ज्वारी तीच, मालदांडी, आमच्या जिल्ह्यातल्या मोहोळच्या केंद्रानं निवडलेली. रांग नव्हती तेव्हाही ती गोडच होती. मग रांगेवरून वस्तूची पारख कशी करायची?

परवा थोरला म्हणाला, "आबा, सगळी ड्रॅगन फ्रूट लावायलेत. आपण बी रोपं सांगून ठिवू." सिमेंटचे खांब, ठिबक, रोपं, सगळा खर्च त्यानं कागदावर मांडला होता. मी नाही म्हटलं नाही. माझी बाग गेली म्हणून त्याची जाईल असं कुठं आहे? एवढंच म्हणालो, "दीडशे रुपयाची रांग असती तर मीच तुझ्यासंगं उभा राहिलो असतो. ही रानाची हाय. आधी माती तपासून आण."

त्यानं पिशवीत माती भरलीय. अहवाल यायचाय.