परक्या पानातले अन्न



परक्या प्रांतात पुढे आलेले अन्न नाकारणे हा केवळ आवडीनिवडीचा प्रश्न आहे का?

बस्तरच्या आठवडी बाजारात चापडा नावाची चटणी मिळते. झाडाची पाने जोडून घरटे बांधणाऱ्या तांबड्या मुंग्या व त्यांची अंडी मीठ-मिरचीबरोबर वाटतात. आंबटपणा मुंग्यांतल्या आम्लाचा. ओडिशातील मयूरभंजच्या अशाच ‘काई’ चटणीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले.

भावाच्या कुटुंबासोबत तेथे गेलो असता एका बाईंनी पानावर थोडी चटणी पुढे केली. पुतणी ओरडली, “ई, घाण!” बाईंना मराठी येत नव्हते, पण सूर कळला. त्यांनी हात मागे घेतला.

नावड हे पाप नव्हे. पण ‘मला नको’ म्हणताना मी माझ्याविषयी बोलतो, ‘घाण’ म्हणताना त्यांच्या घराविषयी. आपल्या सुक्या बोंबलाच्या वासाला नाक मुरडणारे शेजारी आठवा! (बाप्तिस्मा करणारा योहान तर टोळ खात असे.) यजमानाने वाढलेले फार चौकशा न करता खावे, असे संत पौल करिंथकरांस लिहितो. त्याला काळजी जिभेची नाही, माणसांची आहे.

भावाने फोटोसाठी चटणी खाल्ली आणि “जिंकलो” म्हणाला. मला तेही रुचले नाही. कुणाचे घरचे तोंडीलावणे ही आपल्या शौर्याची परीक्षा कशी?

पुतणीने शेवटपर्यंत चव घेतली नाही. आम्ही आग्रहही केला नाही. मुंग्या चावत नाहीत का, हे मात्र तिने माझ्याकरवी हिंदीत विचारले. बाईंनी हसून हातावरच्या खुणा दाखवल्या.