हट्ट मोडावा की वळवावा?

जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ स्वतंत्र, अनादी व नित्य होत, हा ब्रह्मविद्येचा पहिला पाठ प्रत्येक उपदेशी स्त्रीपुरुषास ठाऊक असतो. परंतु पोटचे लेकरू समोर उभे राहून ‘मी ऐकणार नाही’ असे म्हणते, त्या क्षणी नेमका हाच पाठ विसरला जातो.

पुण्यातील कोथरूडसारख्या वस्तीत आज हा प्रसंग घरोघरी घडतो. सायंकाळची आरती सुरू होते. चौदा वर्षांचा मुलगा हातातील मोबाईल सोडीत नाही. वडील आवाज चढवितात, मुलगा दार आपटून आत बसतो, आणि माता दोघांच्या मध्ये अश्रू ढाळीत उभी राहते. दुसऱ्या दिवशी मार बसतो. तिसऱ्या दिवशी मुलगा आरतीस येऊन उभा राहतो खरा, पण त्याचे मन घराबाहेर गेलेले असते. वडिलांना वाटते, आपण जिंकलो. वस्तुतः त्या दिवशी त्यांनी मुलगाही गमावला आणि आरतीही.

मातापिता हे देहाचे पोषक होत. आतील जीवाचे ते मालक नव्हेत. तो जीव स्वतःचे कर्म व स्वभाव घेऊन त्यांच्या घरी आलेला असतो. म्हणून अहिंसा हा ज्यांच्या आचाराचा पाया आहे, त्यांनी लेकरावर उगारलेला हात आणि चारचौघांत केलेला पाणउतारा, ही दोन्ही हिंसेतच मोजावीत. शाळेत मुलांना शारीरिक शिक्षा व मानसिक छळ करण्यास 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने मनाई केली. धर्मशील घराने त्याहून मागे राहावे काय?

याचा अर्थ मुलास मोकाट सोडावे, असा मात्र नव्हे. पाण्यास बांध नसेल तर ते शेत वाहून नेते. पाट न काढता नुसताच बांध घातला, तर तुंबलेले पाणी बांधच फोडते. हट्ट हे असेच बळ आहे. म्हाइंभट विद्येच्या अभिमानाने वाद करावयास आले होते. तीच जिद्द पुढे लीळांच्या शोधास लागली आणि ‘लीळाचरित्र’ सिद्ध झाले. महदाइसा प्रश्नामागून प्रश्न करीत. सर्वज्ञांनी त्या प्रश्नांना उद्धटपणा मानले नाही, जिज्ञासा म्हणून गौरविले. ही थोर माणसे प्रौढ होती हे खरे. परंतु प्रश्नाचे तोंड दाबू नये, हा बोध लेकरांच्या बाबतीत अधिकच लागू पडतो.

कोथरूडकरांना दूर जावयास नको. ज्यांच्या नावाच्या रस्त्याने ते नित्य जातात, ते धोंडो केशव कर्वे सतराव्या वर्षी परीक्षेसाठी मुरूडहून साताऱ्यास शंभराहून अधिक मैल पायी गेले. वय लहान दिसते म्हणून त्यांना परीक्षेस बसू दिले नाही. तरी ते खचले नाहीत. पुढे कोल्हापुरास जाऊन ती परीक्षा उत्तीर्ण झाले. हाच हेकेखोर मुलगा पुढे फर्ग्युसन महाविद्यालयात शिकवून, कोथरूडलगतच्या हिंगण्यातील विधवाश्रमापर्यंत चिखल तुडवीत पायी जात असे. हट्ट तोच, दिशा मिळाली म्हणून तो व्रत झाला.

तर पालकांनी काय करावे? नियम थोडे असावेत, पण ते आज एक आणि उद्या दुसरे असे नसावेत. मारहाण, असत्य व व्यसन यांस ठाम नकार द्यावा. केस, कपडे, मित्र, खेळ यांत मुलाचे मत चालू द्यावे. क्रोध चढला असता निर्णय देऊ नये. दोघेही शांत झाल्यावर बोलावे आणि प्रथम ऐकावे. मनास आवर घालणारा मेंदूचा भाग विशीनंतरही परिपक्व होत असतो, असे आजचे शास्त्र सांगते. तेव्हा पंधराव्या वर्षी पन्नाशीचा संयम मागू नये. चांगले वागल्याची दखल त्याच दिवशी घ्यावी. मूल स्वतःस वा इतरांस इजा करू लागले, व्यसनात अडकले किंवा दीर्घकाळ उदास राहिले, तर संकोच न धरता मनोविकारतज्ज्ञाकडे न्यावे. त्यात कुळास कमीपणा नाही.

आणि सर्वांत कठीण ते हे, की नियम प्रथम स्वतः पाळावा. आरतीच्या वेळी वडिलांचाही मोबाईल दूर ठेवलेला असावा. रागाने चुकीचे बोलले गेले असेल, तर बापाने लेकरापाशी तसे कबूल करावे. एकमेकांस दंडवत घालताना समोरच्याचे वय पाहू नये, अशी या पंथाची शिकवण आहे. मग आपल्या लेकरासमोर नमते घेण्यात लाज कसली? ज्या घरी वडीलधारे नमू शकतात, त्या घरी मुलास दार आपटण्याची गरज हळूहळू उरत नाही. आणि एखाद्या सायंकाळी ते दार आतून उघडते.

दंडवत प्रणाम.