जात मूल शाळेआधीच शिकते

अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याने 2022 मध्ये वंश आणि अपराधभाव यांविषयी वर्गात काय शिकवू नये, याचा कायदा केला. पुढच्या वर्षी सरकारी विद्यापीठांच्या विविधता-कार्यक्रमांचा पैसाही रोखला. आपल्याकडे कायद्याची गरज पडली नाही. करोनानंतर मुलांवरचा भार हलका करायचा म्हणून त्याच 2022 साली एनसीईआरटीने पाठ्यपुस्तकांतून वगळायच्या भागांची एक यादी काढली. बारावीच्या राज्यशास्त्रातले लोकचळवळींचे प्रकरण तीत गेले, आणि त्याबरोबर दलित पँथरही. दहावीचे ‘लोकशाही आणि विविधता’ही गेले, ते 1968 च्या मेक्सिको ऑलिम्पिकमध्ये मूठ उंचावणाऱ्या कृष्णवर्णीय धावपटूंपासून सुरू होत असे. कायद्याला निदान कोर्टात खेचता येते. फ्लोरिडाच्या कायद्यातला विद्यापीठांचा भाग त्याच वर्षी कोर्टाने रोखला. यादीशी भांडायचे कुठे?

राज्य मंडळाची पुस्तके वेगळी आहेत, हे खरे. पण छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्रा एमआयडीसीत नोकरीला आलेल्या ज्या घरांतली मुले सीबीएसईच्या शाळेत जातात, त्यांच्या हाती हीच पुस्तके पडतात. शहराच्या दुसऱ्या टोकाला मराठवाडा विद्यापीठ आहे. त्याच्या नामांतराचा ठराव विधिमंडळाने 1978 मध्ये केला, आणि बाबासाहेबांचे नाव लागायला 1994 उजाडले. मधल्या सोळा वर्षांत दलित वस्त्या का जळल्या, हे त्या मुलांनी कुठे वाचायचे? कोवळ्या वयात जात कशाला शिकवायची, असे पालक विचारतात. ती तर आधीच शिकवून झालेली असते. खोली भाड्याने देताना आडनाव विचारले जाते, तेव्हा मूल दारातच उभे असते. घरी जात रीत म्हणून कळते. तिला प्रश्न विचारण्याची सोय बहुतेकांना पुस्तकातच मिळते.

अशा धड्यांनी द्वेष वाढतो, हा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि वाईट शिकवले तर तो खराही ठरेल. पण नीट सांगितलेल्या इतिहासात फुल्यांच्या शाळेला 1848 मध्ये आपला वाडा देणारे भिडे येतात. महाडला 1927 मध्ये मनुस्मृती दहनाचा ठराव मांडणारे सहस्रबुद्धेही येतात. दोघेही जन्माने ब्राह्मण. सवर्ण घरातल्या मुलाला पूर्वज म्हणून ही माणसेही निवडता येतात. धडाच नसेल तर ती निवडच उरत नाही.

राहिला भार. तो खरा आहे, पाने कमी व्हायलाच हवीत. पण यादीचे निकष होते पुनरावृत्ती, काठिण्य, मुलांना स्वतःहून समजण्याजोगे असणे आणि सद्यःस्थितीत अप्रस्तुत असणे. दलित पँथर यांतल्या नेमक्या कोणत्या निकषात बसली?