हरण आणि वहन

लहानशा क्रियापदामागे एखादे अव्यय लावून नवा अर्थ उत्पन्न करण्याची जी रीत इंग्रजीत आहे, तिच्यातील ‘टेक अवे’ हा प्रयोग उष्टी ताटे उचलण्यापासून एखाद्याचे अधिकार काढून घेण्यापर्यंत सर्वत्र चालतो. परंतु १५२६ साली विल्यम टिंडेलने नवा करार मूळ ग्रीकवरून इंग्रजीत आणताना, योहानाच्या शुभवर्तमानात येशूला जगाचे पाप नाहीसे करणारे देवाचे कोकरू म्हटले आहे तेथे तो योजला, आणि १६११ च्या राजाज्ञेने झालेल्या भाषांतरानेही तो कायम ठेवला, तेव्हापासून या दोन शब्दांवर एका मोठ्या प्रश्नाचा भार पडला आहे. नेलेले पाप जाते कोठे?

मूळ ग्रीक क्रियापद ‘आयरो’. त्याचा पहिला अर्थ उचलणे. अंगावर घेणे आणि दूर नेणे हे दोन्ही त्यातूनच निघाले. लाजराच्या कबरेवरील धोंडा याच क्रियापदाने बाजूला होतो, रिकाम्या कबरेपाशी मग्दालीया मरीया आपल्या प्रभूला कोणी नेले म्हणून रडते तेव्हा तिच्या मुखी तेच असते, आणि ३८ वर्षे आजारी असलेल्या मनुष्याला आपली बाज उचलून चालू लागण्याची आज्ञा होते तीही त्याच शब्दाने. इंग्रजीला मात्र येथे वाटणी करावी लागली: बाजेला ‘टेक अप’, धोंड्याला ‘टेक अवे’. पापाच्या वाट्याला दुसरा प्रयोग आला. तरीही १६११ च्या पंडितांनी त्या वचनाच्या समासात ‘वाहतो’ या अर्थाचा पर्याय नमूद करून ठेवला.

माझ्या मते खरा अर्थ त्या समासातच आहे. सरकारी दफ्तरातील बाकी एका हुकुमाने खारीज होऊ शकते. पण जामीनदार तीच रक्कम पदरची भरतो तेव्हा ऋणकोची सुटका तितकीच पूर्ण होत असली, तरी तिचे वजन एका जिवंत माणसाने सोसलेले असते. हिब्रूतील ‘नासा’ या क्रियापदाचेही उचलणे, वाहणे आणि क्षमा करणे असे तिन्ही अर्थ आहेत, आणि लेवीयच्या १६ व्या अध्यायातील बकरा लोकांचे अपराध ओसाड प्रदेशात नेतो तो याच क्रियापदाने, म्हणजे स्वतःवर वाहून.

सात मुलगे आणि तीन मुली एकाच दिवशी गमावलेला ईयोब परमेश्वराने दिले आणि परमेश्वराने नेले असे म्हणतो, तेथे हिब्रू शब्द निराळा आहे. इंग्रजी वाचकाला मात्र पुन्हा ‘टेक अवे’च भेटतो, आणि लेकरे नेणारा व पाप नेणारा ईश्वर एकच कसा, हा प्रश्न त्याला टाळता येत नाही. भाषांतराची ही उणीव आहे असे मला वाटत नाही.

मराठी भाषांतराने ‘हरण’ हा शब्द घेतला. संस्कृतातील ‘हृ’ धातूत वाहून नेणे आणि हिरावून घेणे हे दोन्ही अर्थ असले, तरी सीताहरणाची कथा ऐकत वाढलेल्या आपल्या कानाला त्यातला हिरावण्याचाच सूर आधी लागतो, आणि ज्याचे कर्म त्यानेच भोगावे या संस्कारात मुरलेल्या मनाला पाप नाहीसे होणे जितके सुलभपणे पटते, तितके ते दुसऱ्याने वाहणे पटत नाही. ज्या वाचकापाशी समासटीपांसह छापलेली जुनी इंग्रजी प्रत असेल, त्याने योहानाच्या पहिल्या अध्यायातील २९ वे वचन काढून समासाकडे अवश्य पाहावे. पुढच्या कित्येक आवृत्त्यांतून ती टीप गळाली आहे.